खाऱ्या वाऱ्यातली कार्गो

उंच कमरेची, घेरदार पायांची कार्गो पँट निवडली जाते एसीच्या दुकानात नाहीतर मोबाईलवर, आणि घातली जाते रायगडच्या किनाऱ्यावर. तिथे हवेत मीठ असतं, पायाखाली ओली वाळू असते आणि वर्षातले चार महिने काहीच धड वाळत नाही. बहुतेकांची फसगत इथेच होते. आरशात झकास दिसलेली पँट नागावच्या पाण्यात गुडघाभर जाऊन आली की ओझं होते, खिशांच्या चुण्यांत वाळू बसते आणि थोड्याच दिवसांत चेन अडकायला लागते. मग लोक म्हणतात, हे कपडे आपल्याकडचे नाहीतच. मला ते पटत नाही. हा कपडा आपल्या किनाऱ्याला उत्तम जमतो, फक्त तो निवडताना दिसण्याच्या आधी पाण्याचा विचार करावा लागतो. पाणी कुठून येणार, कुठे साठणार, किती वेळात जाणार आणि जाताना मागे काय ठेवणार, हे चार प्रश्न सुटले की रंग कुठलाही घ्या.

कार्गोचं मूळ सैन्यात आहे. ब्रिटिश सैन्याने १९३८-३९ च्या सुमारास नवा लढाईचा पोशाख आणला. त्याच्या पँटला डाव्या मांडीवर एक मोठा खिसा होता, नकाशा ठेवण्यासाठी. १९४२ मध्ये अमेरिकेच्या छत्रीधारी सैनिकांसाठी विल्यम यारबरो या अधिकाऱ्याने जो पोशाख आखला, त्यात दोन्ही मांड्यांवर फुगणारे खिसे आले, कारण विमानातून उडी मारणाऱ्याला खाणं आणि दारूगोळा अंगावरच न्यावा लागे. पण खिसे गच्च भरले की चालताना ते मांडीवर आपटत. तेव्हा पॅराशूट सांभाळणाऱ्या कारागिरांनी पँटला कापडी पट्ट्या शिवून दिल्या आणि सैनिक भरलेला खिसा मांडीला बांधून ठेवू लागले. पुढे हा कपडा सैन्याच्या जुन्या मालातून बाजारात आला, गिर्यारोहकांनी, कामगारांनी, मग नव्वदच्या दशकात गाणाऱ्या-नाचणाऱ्या पोरापोरींनी उचलला. आपल्याकडे तो बरीच वर्षं ‘सिक्स पॉकेट’ या नावाने पुरुषांच्या दुकानांत लटकत होता. मुलींसाठी, कंबर वर चढवून आणि पाय रुंद करून, तो अलीकडे आला.

त्या पट्ट्यांची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. घट्ट पायाच्या पँटमध्ये मांडीवरचा खिसा अंगाला धरून असतो. घेरदार पायात त्याला आधारच नाही. त्यात मोबाईल टाकलात तर तो प्रत्येक पावलाला गुडघ्याच्या बाजूवर बसतो आणि पँटचा तो पाय खाली ओढतो. म्हणून घेरदार कार्गोचे मांडीवरचे खिसे हलक्या वस्तूंसाठी आहेत असं समजा: बोटीचं तिकीट, रुमाल, केसांचा चाप, घडी घातलेली कापडी पिशवी. जड वस्तू कमरेजवळच्या खिशात. बारा खिशांची पँट विकणाऱ्याला एकदा विचारायला हवं, की माणूस किनाऱ्यावर नेतो तरी काय.

कंबर घट्ट, पाय वेगवेगळे आणि मोकळे, सामान कमरेला: ही मांडणी या किनाऱ्याला नवी नाही. कोळणीचं लुगडं पाहा. नऊ वारांचं कापड कमरेला कसून बांधलेलं, काष्टा घालून दोन पाय वेगळे केलेले आणि खालची कड गुडघ्याच्या आसपास थांबवलेली. ओल्या धक्क्यावर उभं राहायचं, होडीतून टोपल्या उतरवून घ्यायच्या, चिखलातून चालायचं, तर कापड जमिनीला लागून चालत नाही. पैसे बटव्यात आणि बटवा कमरेला. आगरी बायकांची शेतातली आणि मिठागरातली नऊवारीही अशीच वर खोचलेली. यात शोभेचा भाग होताच, पण कडेची उंची ठरवली ती पाण्याने. आज कार्गो विकणाऱ्या कंपन्या नेमकी हीच एक गोष्ट उलटी करतात. त्या पाय इतका लांब ठेवतात की कड टाचेखाली जावी, जाड तळव्याच्या बुटांवर ती सुंदर पडावी. वरळीच्या गुळगुळीत फरशीवर ते शोभतं. अलिबागच्या पुळणीवर तीच कड पाणी शोषते, आणि एकदा खालून भिजलेलं सुती कापड वात तेल ओढते तसं पाणी वर वर चढवत गुडघ्यापर्यंत नेतं.

तेव्हा पहिला नियम लांबीचा. किनाऱ्यासाठी कड घोट्याच्या हाडाच्या दोन-तीन बोटं वर हवी. अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाताना वाळू वरून कोरडी दिसली तरी मधे घोटाभर पाणी लागतंच, आणि परतायला उशीर केला तर त्याहून जास्त. राजपुरीहून जंजिऱ्याला जाणारी होडी किल्ल्याच्या दरवाज्याशी लागते तेव्हा हलत्या होडीतून एक पाय पायरीवर टाकायचा असतो. अशा वेळी आपल्याच पँटच्या घेरावर पाय पडणं हा विनोद राहत नाही. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणामार्गावर पायऱ्या उतरून समुद्रालगतच्या खडकांवर यावं लागतं. तिथे ओहोटी असेल तरच जावं, आणि लोंबणारी कड वर बांधूनच जावं.

बांधायची कशी? काही कार्गोंना पायाच्या कडेला नाडी असते, ओढली की घेर घोट्याशी आवळतो. दुकानात ती फुकटची सजावट वाटते, पण या किनाऱ्यावर माझ्या मते तीच सगळ्यात कामाची गोष्ट आहे. होडीत, भाड्याच्या सायकलवर, स्कूटरच्या मागच्या सीटवर नाडी ओढा, किनाऱ्यावर सैल करून कापड गुडघ्यापर्यंत सरकवा, जेवायला बसताना सोडून द्या. सायकलच्या साखळीत अडकून फाटलेली घेरदार पँट रफू करता येत नाही, ती साखळी कापडाचा तुकडाच पाडते. नाडी नसेल तर कोणताही टेलर कडेच्या दुमडीत दोन काजं करून ती घालून देतो. नाडीच्या टोकाला धातूची गोळी नको, गाठ पुरे.

आता कापड. इथे जरा थांबायला हवं, कारण बाकी सगळं टेलर दुरुस्त करू शकतो, कापड नाही. कापडाचं वजन चौरस मीटरला किती ग्रॅम, यावर मोजतात. बारा औंसाचं म्हणून विकलं जाणारं डेनिम चौरस मीटरला चारशे ग्रॅमच्या आसपास भरतं. घेरदार पाय आणि खिसे धरून एका पँटला दोन-सव्वादोन चौरस मीटर कापड लागतं, म्हणजे डेनिमची कार्गो कोरडीच जवळजवळ किलोभर झाली. तीच १८० ते २२० ग्रॅमच्या सुती ट्विलची किंवा रिपस्टॉपची घेतली तर अर्ध्या किलोच्या आत-बाहेर. ट्विल म्हणजे तिरप्या रेघा दिसणारी वीण, आपल्या शाळेच्या खाकी चड्डीची. रिपस्टॉपमध्ये ठराविक अंतरावर जाड धाग्याच्या चौकटी असतात, त्यामुळे काट्याने भोक पडलं तरी ते चौकटीपाशी थांबतं. केवड्याच्या आणि निवडुंगाच्या कुंपणांच्या गावात याची किंमत कळते.

सुती घ्यावं की पॉलिएस्टर, हा वाद थोडा शास्त्राने सोडवू. साधारण हवेत सुती कापड स्वतःच्या वजनाच्या साडेआठ टक्के ओल धरून ठेवतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून घाम आला की सुती कापड तो पितं आणि अंगाला बरं वाटतं, पण वाळायला वेळ घेतं. पॉलिएस्टर लवकर वाळतं, पण मे महिन्यात दुपारी मुरूडच्या रस्त्यावर ते अंगाला चिकटतं आणि घामाचा वास धरून बसतं. मधला रस्ता दोन्हींच्या मिश्रणाचा: सुती जास्त, पॉलिएस्टर किंवा नायलॉन एक चतुर्थांश ते एक तृतीयांश. उन्हाळ्यापुरती हवी असेल तर निखळ सुती घ्या. पावसाळ्यातही वापरायची असेल तर मिश्रण.

एका कापडापासून मात्र लांब राहा. बाजारात मऊ, झुळझुळीत, सुंदर पडणाऱ्या कार्गो मिळतात. लेबलवर बारीक अक्षरांत व्हिस्कोस किंवा रेयॉन लिहिलेलं असतं. सुती धागा भिजल्यावर उलट थोडा मजबूत होतो. व्हिस्कोस भिजला की त्याची निम्मी ताकद जाते. भरलेल्या खिशाची, ओली, वाळूने जड झालेली व्हिस्कोसची पँट खिशाच्या कोपऱ्याशी उसवते, आणि तेही नेमकं समुद्रावर. शहरातल्या संध्याकाळसाठी ती चांगली आहे, किनाऱ्यासाठी नाही.

मापाकडे वळू. उंच कमरेच्या पँटचं आसन पुढून अकरा-बारा इंच असतं, म्हणजे पट्टा बेंबीपाशी किंवा तिच्या जरा वर बसतो. उभ्याने ते छान वाटतं. पण आपण उभे राहून जेवत नाही. ट्रायल रूममध्ये लाज न बाळगता खाली मांडी घालून बसा, मग उकिडवे बसा. पट्टा बरगडीखाली रुतत असेल, तर ती पँट घेऊन तुम्ही चौलच्या एखाद्या घरगुती खाणावळीत मोदक खाऊ शकणार नाही. मागे इलॅस्टिक आणि पुढे सपाट पट्टा असलेली पँट यात सगळ्यात समजूतदार. संपूर्ण इलॅस्टिकची टाळावी. खिशांच्या वजनाने ती दिवसभर घसरते आणि आपण दिवसभर ती वर ओढतो. बेल्टच्या लुप्प्या असाव्यातच. बेल्ट कापडी विणीचा घ्या, चामड्याचा खाऱ्या पाण्याने कडक होऊन तडकतो.

कमी उंचीच्या बायकांची आणखी एक अडचण असते आणि दुकानदार ती सांगत नाही. पँट उंच बांध्याच्या मापावर कापलेली असते. पाच फुटांच्या मुलीने ती घेतली आणि खालून चार इंच कापून घेतली, तरी मांडीवरचा खिसा होता तिथेच राहतो, म्हणजे तिच्या गुडघ्यावर येतो. मग पायरी चढताना गुडघा खिशावर आपटतो, आणि दिसायलाही पाय आखूड दिसतात. खिशाचा तळ गुडघ्याच्या वाटीच्या किमान चार बोटं वर हवा. नसेल तर दुसरी पँट बघा, किंवा टेलरकडून खिसे उसवून वर लावून घ्या. नव्या कापडावर हे काम लगेच करावं, जुन्या कापडावर खिशाखालचा न विटलेला रंग चौकोन होऊन उमटतो. आणि कापण्याआधी पँट एकदा धुवा. सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटू शकतं, म्हणजे चाळीस इंचांच्या पँटला सव्वा ते दोन इंच.

मांडीवरचे खिसे दोन प्रकारचे असतात. बाजूने चुण्या असलेले, फुगणारे. आणि नुसते वरून शिवलेले, सपाट. किनाऱ्यासाठी सपाट बरे. चुणीच्या घडीत बारीक वाळू जाते ती झटकून निघत नाही, आणि काशिदची वाळू तर पिठासारखी बारीक. फुगणारेच आवडत असतील तर खिशाच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटं गोल काज करून घ्या. पाणी निथळतं, वाळू गळते, आणि खिसा लवकर वाळतो. झाकणाला वेल्क्रो नको. त्याच्या आकड्यांत वाळू, केस, दोरे अडकतात आणि महिन्याभरात तो चिकटणं सोडतो. साधं मोठं प्लॅस्टिकचं बटण सगळ्यात टिकाऊ.

धातूचं प्रकरण वेगळं सांगावं लागेल. खारी हवा लोखंडाला काय करते ते किनाऱ्यावरच्या कोणत्याही खिडकीच्या गजांवर दिसतं. पँटची चेन, हुक, रिवेट, बटण हेच भोगतात, आणि वर गंजाचा डाग कापडावर कायमचा सोडतात. सोनेरी दिसणारं बटण पितळेचं आहे की वरून मुलामा दिलेलं लोखंड, हे डोळ्यांनी कळत नाही. फ्रिजवर लावायचं छोटं चुंबक पर्समध्ये टाका आणि दुकानात प्रत्येक धातूच्या भागाला लावून पाहा. चिकटलं तर ती पँट किनाऱ्याची नाही. दुकानदार चमकून बघेल, बघू दे. याच किनाऱ्यावर लोखंडापासून पळणारी एक अख्खी इमारत आहे. मुंबईत विजेच्या ट्रामा येणार आणि त्यांच्यामुळे तिथल्या कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला चुंबकीय वेधशाळा सुरू झाली, आणि तिच्या बांधकामातून लोखंड कटाक्षाने दूर ठेवलं गेलं. आपल्याला इतकं काटेकोर व्हायचं नाही. प्लॅस्टिकच्या दातांची किंवा नायलॉनच्या वेटोळ्याची चेन असली की झालं. धातूची असेलच तर महिन्यातून एकदा तिच्या दातांवर मेणबत्ती घासा.

घालायची कशी, यावर लोक सगळ्यात जास्त बोलतात आणि त्यात सांगण्यासारखं सगळ्यात कमी आहे. खाली घेर असेल तर वर आटोपशीर हवं, एवढंच तत्त्व. आत खोचलेला सुती शर्ट, कमरेपाशी संपणारी कुर्ती, खणाच्या कापडाचं पोलकं, साधा बनियनवजा टॉप. उंच कंबर दिसली पाहिजे, नाहीतर तिचे पैसे कशाला दिले? गुडघ्यापर्यंतच्या कुर्त्याखाली कार्गो घातली की खिसे झाकले जातात आणि हात घालायला कुर्ता उचलावा लागतो. देवळांत अडचण येत नाही. पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला जा की हरिहरेश्वरला, पूर्ण लांबीची सैल पँट आणि खांद्यावर एक ओढणी पुरते.

रंगात एक सल्ला. रायगडची माती तांबडी, वाळू कुठे काळसर तर कुठे पांढरी, आणि उन्हाळ्यात घाम अटळ. फिका राखाडी रंग घामाचा प्रत्येक थेंब दाखवतो. काळा तापतो आणि मिठाचे पांढरे ओघळ त्याच्यावर नकाशासारखे दिसतात. खाकी, मातकट तपकिरी, शेवाळी हिरवा हे रंग सगळं पोटात घालतात. पायात फटफट वाजणाऱ्या रबरी चपला नकोत, त्या ओली वाळू मागून उडवतात आणि ती थेट घेराच्या आत जाते. मागे पट्टा असलेली सँडल घाला. कोल्हापुरी घरी ठेवा.

आणि लष्करी चट्ट्यापट्ट्यांची कार्गो इथे घालू नका. हे मी फॅशनचा मुद्दा म्हणून सांगत नाही. १९९३ च्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं याच किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीला उतरवली गेली. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर समुद्रातूनच मुंबईत आले. सप्टेंबर २०१६ मध्ये उरणमध्ये शाळकरी मुलांनी शस्त्रधारी अनोळखी माणसं पाहिल्याचं सांगितलं आणि मुंबईसह आसपासच्या किनारपट्टीवर शोध सुरू झाला. हाती काही लागलं नाही. अशा किनाऱ्यावर मच्छीमारांना आणि गावकऱ्यांना डोळे उघडे ठेवायला सांगितलेलं असतं आणि ते ठेवतात. भारतीय लष्कराने जानेवारी २०२२ मध्ये जो नवा लढाऊ गणवेश आणला त्याच्या नक्षीची नोंदणी करून हक्कही स्वतःकडे घेतले आहेत. सैनिक असल्याचा समज व्हावा म्हणून सैनिकाचा पोशाख घालणं हा तर कायद्याने गुन्हाच आहे. साधा शेवाळी रंग घ्या, कोणाची काही तक्रार नाही.

आता निगा. सगळ्यात आधी मीठ. समुद्राच्या पाण्यात भिजलेली पँट वाळवली की पाणी जातं, मीठ धाग्यांत राहतं. साध्या मिठाचा गुण असा, की हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतूनच पाणी ओढून विरघळायला लागतं. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणजे न धुता वाळवलेली पँट कपाटात आपोआप पुन्हा ओलसर होते. मग वास, बुरशी, गंज हे सगळं त्याच ओलीवर वाढतं. ‘कोरडीच ठेवली होती, तरी बुरशी आली’ या तक्रारीचं उत्तर बहुधा मिठात असतं. म्हणून समुद्रावरून आल्यावर त्याच दिवशी, साबण नसला तरी चालेल, गोड्या पाण्यातून पँट दोनदा काढा.

त्याआधी वाळू. खिसे उलटे बाहेर काढा, कोपरे बोटाने मोकळे करा, पँट उलटी करून झटका. ओली वाळू निघत नाही, वाळल्यावर जुन्या दातांच्या ब्रशने निघते. वाळूसकट मशीनमध्ये टाकलेली पँट स्वतःलाच घासून घेते, आणि मशीनलाही. तांबड्या मातीचंही तेच. चिखल ओला असताना चोळला की मातीतला लोहयुक्त रंग धाग्यात शिरतो. वाळू द्या, खरवडून काढा, मग पाणी.

किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरींचं पाणी मचूळ किंवा जड. त्यात साबणाला फेस येत नाही, आपण आणखी साबण घालतो, आणि तो कापडात अडकून पँट कडक होते. धुणं त्या पाण्यात केलंत तरी शेवटचं खळबळणं चांगल्या पाण्यात करा. पावसाळ्यात याची फुकट सोय आहे: पहिल्या काही सरींनी छप्पर धुऊन निघालं की पागोळ्यांखाली बादली ठेवा. पावसाचं पाणी मऊ असतं, थोडक्या साबणात काम होतं. पँट उलटी करून, चेन आणि बटणं लावून, थंड पाण्यात धुवा. गरम पाण्याने रंगही जातो आणि मापही.

वाळवणं ही खरी परीक्षा. कमरेचा पट्टा आणि खिसे, जिथे कापड दुहेरी-तिहेरी आहे, तिथे ओल शेवटपर्यंत राहते. पाय वाळले म्हणून पँट घडी करून ठेवली की दुसऱ्या दिवशी पट्ट्याला कोंदट वास येतो. खिसे बाहेर काढून, कंबर दोन चिमट्यांनी ताणून उघडी ठेवून दांडीवर लावा, म्हणजे वारा वरून आत शिरून पायांतून खाली जातो. घेराचा फायदा इथे मिळतो, घट्ट जीन्सला तो मिळत नाही. पावसाळा सोडून बाकीच्या दिवसांत सावलीत वाळवा आणि शेवटी अर्धा तास ऊन दाखवा. पावसाळ्यात पडवीत पंख्याखाली. ओली पँट इस्त्रीने वाळवायचा मोह मात्र नको; खिशांवर चकाकीचे डाग पडतात.

डागांचं गणित गावाप्रमाणे बदलतं. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, घाबरू नका. हळदीचा रंग क्षारात लाल दिसतो. धुऊन उन्हात टाका, ऊनच तो रंग फिका करतं. गंजाच्या डागावर लिंबू पिळून मीठ टाका, थोडा वेळ ऊन द्या आणि भरपूर पाण्याने धुवा. आधी आतल्या शिलाईवर करून पाहा, कारण लिंबाने काही रंग उडतात. गंजावर ब्लीच कधीही नको, डाग पक्का होतो. केळीचा चीक आणि काजूच्या बोंडूचा रस यांच्यापुढे मात्र हात टेकावेत. रेवदंडा-चौलच्या वाड्यांत फिरताना केळीला टेकलात तर तिथल्या तिथे पाणी मारा. वाळलेला डाग तपकिरी होऊन पँटच्या शेवटापर्यंत सोबत करतो. अशी डागाळलेली पँट वाडीची पँट म्हणून वेगळी काढावी, दुसरा उपाय नाही.

मेच्या अखेरीस गेटवे-मांडवा बोटी पावसाळ्यासाठी थांबतात, जंजिऱ्याच्या होड्याही बंद होतात, आणि समुद्रावरचे कपडे बहुतेक घरांत तेव्हाच आत जातात. ठेवताना खळ किंवा कांजी घालू नका. कसरीला ती खळ आवडते आणि खळीबरोबर ती कापडही खाते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, जुन्या सुती चादरीत गुंडाळा. पंधरवड्यातून एकदा, ज्या दिवशी चार तास उघडीप असेल त्या दिवशी, बाहेर काढून वारा द्या. बुरशीचे ठिपके दिसले तर घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झटका, मग धुवा आणि उन्हात वाळवा. ओल्याने पुसलेत तर ठिपका पसरतो.

आणि कड वर घेणं, खिसे सरकवणं, नाडी घालणं, काज करणं, जे काही टेलरकडून करून घ्यायचं असेल ते गणपतीच्या महिनाभर आधी नेऊन द्या. त्यानंतर तो ब्लाउजच्या ढिगाखाली असतो, अल्टरचं काम हातात घेत नाही, आणि घेतलंच तर पँट दिवाळीनंतर मिळते.